कुंपणच शेत खाऊ लागलं तर? खाजगीपणासाठी एक्स्टेंशन निवडताना

ब्राउझरमध्ये एखादं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जादा काम जोडणारा छोटा प्रोग्राम, टाकताना एक छोटी चौकट उघडते. ‘सर्व वेबसाइट्सवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशा अर्थाची परवानगी बहुतेक वेळा तिथे मागितलेली असते. हे वाक्य अक्षरशः खरं आहे. परवानगी दिली, की उघडलेल्या पानाचा पत्ता, त्यावरचा मजकूर, रकान्यांत टाइप केलेली अक्षरं हे सगळं त्या एक्स्टेंशनला दिसू शकतं. ईमेल आणि बँकेचं पानही त्यातून सुटत नाही. एचटीटीपीएसचा, म्हणजे वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या पद्धतीचा, इथे उपयोग नाही, कारण ते एन्क्रिप्शन डेटा वाटेत कुणी वाचू नये यासाठी असतं. एक्स्टेंशन ब्राउझरच्या आत, मजकूर उलगडल्यानंतरच्या जागी काम करतं.

बाहेरचे पाळत ठेवणारे कमी करायचे, तर आत एकावर पूर्ण विश्वास टाकावा लागतो. म्हणून एक्स्टेंशन काय काय करतं यापेक्षा ते कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

२०१६ मधलं प्रकरण पाहा. ‘वेब ऑफ ट्रस्ट’ हे एक्स्टेंशन कोणती वेबसाइट विश्वासार्ह आहे ते सांगायचं. त्याच्या वापरकर्त्यांनी कुठे कुठे भेट दिली याची माहिती बाजारात विकली जात असल्याचं जर्मनीच्या एनडीआर या प्रसारण संस्थेने उघड केलं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. न वापरलेले टॅब थांबवून मेमरी वाचवणारं हे एक्स्टेंशन लाखो लोक वर्षानुवर्षं वापरत होते. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याच्या हवाली केलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते घातक ठरवून काढून टाकलं. त्याचा कोड सर्वांसाठी खुला होता, पण स्टोअरमधून लोकांपर्यंत पोहोचलेली आवृत्ती त्या खुल्या कोडशी जुळत नव्हती. मालक बदलला म्हणून ब्राउझर आपल्याला कळवत नाही. परवानगी आधीच दिलेली असते आणि अपडेट आपोआप येतात. मालक न बदलताही असं होऊ शकतं. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसव्या ईमेलने गाठून चोरांनी तिच्याच एक्स्टेंशनची घातक आवृत्ती वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवली.

म्हणून एक्स्टेंशन शोधण्याआधी ब्राउझर स्वतः काय करतो ते पाहावं. कुकी म्हणजे वेबसाइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची छोटी नोंद. सफारी २०२० पासून सर्व तृतीय-पक्ष कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज इतरांनी ठेवलेल्या कुकी, अडवतो. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगवेगळ्या कप्प्यात ठेवतो, त्यामुळे एकीकडची कुकी दुसरीकडे वाचून माग काढता येत नाही. फक्त कुकी अडवणारं वेगळं एक्स्टेंशन मग कशाला? वेबसाइट एचटीटीपीएसनेच उघडायला लावणारं ‘एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर’ तर ब्राउझरांनी तेच काम अंगावर घेतल्यामुळे निवृत्त झालं.

एक चांगला ब्लॉकर मात्र असावाच, असं माझं ठाम मत आहे. पान उघडलं की ब्राउझर अनेक सर्व्हरांकडे विनंत्या पाठवतो. ब्लॉकर प्रत्येक विनंती याद्यांशी ताडून पाहतो आणि ट्रॅकरकडे, म्हणजे आपला माग काढणाऱ्या सर्व्हरकडे, जाणारी विनंती निघण्याआधीच थांबवतो. रेमंड हिल यांचं ‘यूब्लॉक ओरिजिन’ यात माझ्या दृष्टीने सर्वांत भरवशाचं आहे. कोड खुला आहे, देणगीसुद्धा घेतली जात नाही आणि पैसे घेऊन कोणत्याही जाहिरातीला वाट दिली जात नाही. नावातला ‘ओरिजिन’ नीट पाहून घ्या, कारण नुसतं ‘यूब्लॉक’ हे वेगळ्या लोकांच्या हातातलं वेगळं एक्स्टेंशन आहे.

क्रोममध्ये ‘मॅनिफेस्ट व्ही ३’ या नव्या नियमांमुळे यूब्लॉक ओरिजिनची पूर्ण आवृत्ती चालेनाशी झाली. तिथे आता ‘लाइट’ आवृत्ती आहे. नव्या पद्धतीत एक्स्टेंशन नियमांची यादी ब्राउझरच्या हाती देतं आणि अडवण्याचं काम ब्राउझर करतो. त्यामुळे प्रत्येक विनंती एक्स्टेंशनला पाहावी लागत नाही, हा फायदा खरा आहे. पण ट्रॅकरांनी नवी युक्ती काढली की तिला तोंड द्यायची ताकदही तेवढी उरत नाही. पूर्ण ताकद हवी असेल, तर फायरफॉक्स हा सरळ मार्ग आहे. फायरफॉक्स बनवणारी मोझिला ज्या एक्स्टेंशनांची शिफारस करते, त्यांचं प्रत्येक अपडेट तिथली माणसं तपासतात.

एकाच कामाची दोन-तीन एक्स्टेंशनं लावून संरक्षण वाढत नाही, उलट माग काढायला एक खूण जास्त मिळते. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या पीटर एकर्सली यांनी सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ८३.६ टक्के ब्राउझर फॉन्ट, पडद्याचा आकार अशा किरकोळ तपशिलांवरून एकमेवाद्वितीय निघाले. बरीच एक्स्टेंशनं पानात बदल करतात किंवा आपल्या फायली पानाला दिसू देतात, त्यामुळे ती लावलेली आहेत हे वेबसाइटला ओळखता येतं. वापरणाऱ्याची ओळख लपवणारा टोर ब्राउझर बनवणारे त्यात वेगळं एक्स्टेंशन टाकू नका असं सांगतात, ते याचमुळे.

बाकीची, म्हणजे कूपन शोधणारी, व्याकरण तपासणारी, पडद्याचं चित्र टिपणारी एक्स्टेंशनं लागत असतील, तर क्रोममध्ये त्यांची परवानगी ‘क्लिक केल्यावरच’ इतकी आखडता येते. ज्यांची आठवणही राहिलेली नाही ती नुसती बंद करून ठेवू नका, काढूनच टाका.