हिरवळीची बारमाही निगा (नागपूर)

नागपुरात ‘लॉन’ म्हटले की आधी लग्नाची जागा डोळ्यांपुढे येते, गवत मागाहून. ही नोंद गवताची आहे. विदर्भातल्या भारी काळ्या मातीत आणि टोकाच्या हवेत हिरवळ जगवताना वर्षभर कोणती कामे, कधी आणि का करायची, एवढाच तिचा विषय.

थंड देशांतली हिरवळ केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास अशा गवतांची असते. ती १५ ते २४ अंश सेल्सिअसला जोमात वाढतात आणि कडाक्याच्या हिवाळ्यात बर्फाखाली झोपून राहतात. म्हणून तिकडे खताचा मुख्य हप्ता हिवाळ्याच्या तोंडावर देतात. नागपूरची हिरवळ हरळीची किंवा तिच्या ‘सिलेक्शन’सारख्या बारीक पानांच्या निवडक वाणांची, नाहीतर मेक्सिकन म्हणून मिळणाऱ्या झॉयसियाची असते. ही गवते २७ ते ३५ अंशांत फोफावतात, त्यामुळे इथे खताचा काळ मृगापासून दसऱ्यापर्यंत. तिकडचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. डिसेंबरात टाकलेला युरिया हरळी उचलत नाही. तो वाया जातो किंवा थंडीतल्या तणांच्या कामी येतो.

रात्री १०-१२ अंशांवर उतरल्या की हरळीची वाढ थांबते आणि पाने पिवळसर पडतात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत शहरातल्या हिरवळी फिक्या दिसतात, त्या यामुळेच. डिसेंबर २०१८ अखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत घसरला होता, पण असे दिवस मोजकेच. या काळात ८ ते १० दिवसांनी एक पाणी आणि तीन आठवड्यांनी एक कापणी पुरते. हिवाळ्यातही हिरवा रंग हवाच असेल, तर नोव्हेंबरच्या मध्यात हरळी नेहमीपेक्षा थोडी खाली कापून चौरस मीटरला २५ ते ३० ग्रॅम रायग्रासचे बी फेकतात. थंड देशातले हे गवत इथे पाहुणे म्हणून राहते आणि उन्हाचा तडाखा बसला की मरते. ते वेळेत मेले तर बरे. मार्चमध्ये कापणी खाली आणली नाही, तर ते खालच्या हरळीचा उजेड आणि पाणी खाते.

तुळशीचे लग्न लागले की मांडव पडू लागतात. सतरंजी दोन दिवस अंथरलेली राहिली की खालचे गवत पांढरट पडते. ते आठवड्या-दोन आठवड्यांत सावरते. खुर्च्यांच्या पायांनी दबलेली माती मात्र आपोआप सैल होत नाही. तिथे फाळक्याने (लांब, टोकदार दातांच्या अवजाराने) दर १० ते १५ सेंटीमीटरवर ८ ते १० सेंटीमीटर खोल भोके पाडून त्यांत कन्हान नदीची रेती भरावी. हे काम वाफशावरच, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, करायचे. चिखलात फाळका घातला तर भोकाच्या कडा लिंपल्या जाऊन विटेसारख्या वाळतात, आणि माती टणक वाळली असेल तर फाळका आत शिरतच नाही.

एप्रिल-मे हा खरा कसोटीचा काळ. पारा ४५ च्या पुढे जातो, काळी माती भेगाळते आणि भरभर सोडलेले पाणी मुळांना न लागता भेगांतून खाली निघून जाते. चौरस मीटरला १ लिटर म्हणजे १ मिलिमीटर पाणी. एका वेळी २० मिलिमीटर, तेही तासाभराच्या अंतराने दोन हप्त्यांत, आठवड्यातून दोन-तीनदा, पहाटे द्यावे. रोज संध्याकाळी नुसते शिंपडले तर मुळे वरच्या वर राहतात आणि एक दिवस पाणी चुकले की गवत करपते. कापणीची उंची ४ ते ५ सेंटीमीटर ठेवावी. पाण्याची ओढ असेल तर गवत तपकिरी होऊ द्यायला हरकत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, मेल्यासारखी दिसणारी हरळी बहुधा जिवंत असते. एक धावता देठ मोडून पाहावा. आत पांढरट ओल दिसली की ती पावसात फुटणार.

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला आणि वाफसा आला की मेलेला थर दाताळ्याने खरवडून काढतात. त्यावर चाळलेली माती, रेती आणि कुजलेले शेणखत समभाग मिसळून अर्धा सेंटीमीटर पसरतात. १०० चौरस मीटरला हे मिश्रण अर्धा घनमीटर लागते. त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत महिन्याला १०० चौरस मीटरला १ किलो युरिया, चौपट कोरड्या रेतीत कालवून, पाने कोरडी असताना टाकून लगेच पाणी द्यावे. ओल्या पानांवर तो चिकटतो आणि डाग पाडतो. पाणी साचलेल्या काळ्या मातीत त्यातला नत्र वायू होऊन उडतो, म्हणून उघाडीची वाट पाहावी. युरिया देऊनही पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची उणीव असते. चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्याला होते तीच. त्यावर लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारतात. फरशीवर पडल्यास त्याचे गंजाचे डाग पडतात आणि सहजी निघत नाहीत.

पावसाळ्यात कापणी आठवड्याला, आणि एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच. कापलेली टोके दुसऱ्या दिवशी पांढरी, फाटकी दिसली तर मशीनचे पाते बोथट झाले आहे असे समजावे.

पोळ्याच्या सुमारास दोन दुखणी वर येतात. लव्हाळा, म्हणजे इकडचा मोथा, उपटला की वरचा देठ हातात येतो आणि गाठी मातीतच राहतात. त्या नव्याने फुटतात, त्यामुळे खुरप्याने १०-१५ सेंटीमीटर खोल जाऊन गाठींसकट काढावा लागतो. दुसरे दुखणे हुमणीचे, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीचे. पाणी असूनही गवताचे चट्टे सुकतात, आणि हाताने ओढले की गवत चटईसारखे गुंडाळत येते, कारण खाली मुळेच उरलेली नसतात. अशा चट्ट्याच्या कडेला, जिथे गवत अजून हिरवे आहे तिथे, फूटभर चौकोन कापून उचलावा. इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या तिथेच सापडतात. मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून ओल्या मातीत देणे हा त्यावरचा जैविक उपाय. तो अळ्या लहान असताना, जुलै-ऑगस्टमध्येच, लागू पडतो. त्याआधी जूनमध्ये पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे झाड हलवून खाली पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत.