‘सायकोपॅथ’ हा शब्द जेलमधून ऑफिसात कसा आला

नाशिकच्या एमआयडीसीत, अंबड नाहीतर सातपूरला, शिफ्ट सुटली की गेटबाहेरच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आमचा साहेब ना, पूर्ण सायको आहे." बहुतेक वेळा सांगायचं एवढंच असतं की साहेब तापट आहे, ओरडतो, सुट्टी देत नाही. मी अंबडच्या एका कंपनीत एचआरला बरीच वर्षं काढली, आणि तिथे ज्या माणसाने लोकांची खरी वाट लावली तो कधी एकदाही ओरडला नाही, उलट वाढदिवसाला पहिला मेसेज त्याचाच यायचा, मालकांना तर तो घरच्यासारखा वाटायचा. त्याच्या हाताखालचे चार जण एका वर्षात सोडून गेले, चौघांच्याही एक्झिट फॉर्मवर "वैयक्तिक कारण" लिहिलेलं होतं, आणि ते फॉर्म मीच फाईलला लावले. आपल्याकडे याला केसाने गळा कापणं म्हणतात. पण डॉक्टर लोकांना असा माणूस ओळखायला दीडदोनशे वर्षं का लागली हे वाचल्यावर मला माझ्याच फाईलींकडे वेगळ्या नजरेने बघावं लागलं.

सुरुवात पॅरिसपासून होते. १८०१ च्या सुमारास फिलिप पिनेल या डॉक्टरने लिहिलं की काही माणसांना भ्रम नसतो, बुद्धी शाबूत असते, बोलणं नीट असतं, तरी वागणं मात्र भयंकर. तोपर्यंत वेड म्हणजे डोकं फिरणं एवढाच हिशोब होता. १८३५ मध्ये इंग्लंडच्या जेम्स प्रिचर्डने याला ‘मॉरल इन्सॅनिटी’, म्हणजे नीतीचं वेड म्हटलं, आणि पुढे १८९१ च्या आसपास जर्मनीत कोख नावाच्या डॉक्टरने ‘सायकोपॅथिक’ हा शब्द वापरला, पण त्याची टोपली इतकी मोठी होती की स्वभावात जरा काही वेगळं दिसलं की घाला तिच्यात. टपरीवर आज होतं ते तेव्हा डॉक्टरांकडूनही झालं होतं म्हणायचं.

खरी रेघ ओढली १९४१ मध्ये, अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या हर्वी क्लेकली यांनी. ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ हे त्यांचं पुस्तक, शहाणपणाचा मुखवटा. पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी १६ लक्षणं दिली आणि त्यात पहिलंच काय, तर वरवरचा गोडवा आणि चांगली बुद्धी! मग खोटेपणा, पश्चात्ताप नसणं, प्रेम करायची ताकदच नसणं वगैरे. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की हॉस्पिटल किंवा जेलपर्यंत कधीच न पोचणारी माणसंही त्यांनी पुस्तकात घेतली, त्यात एक व्यापारी होता, डॉक्टर होता, अगदी मानसोपचारतज्ज्ञही होता. म्हणजे ऑफिसातला हा माणूस १९४१ लाच कागदावर आला होता, फक्त पुढची कितीतरी वर्षं संशोधन मुख्यतः कैद्यांवरच होत राहिलं.

त्या जेलच्या काळातलं मोठं नाव कॅनडाचे रॉबर्ट हेअर. १९६० च्या सुमारास ते ब्रिटिश कोलंबियाच्या तुरुंगात नवखे मानसशास्त्रज्ञ म्हणून लागले, आणि पहिल्याच दिवशी एका कैद्याने, ज्याला ते आपल्या पुस्तकात रे म्हणतात, त्यांच्यासमोर चाकू काढला आणि म्हणाला हा मी दुसऱ्या एका कैद्यावर वापरणार आहे. हेअरनी ते वर कळवलं नाही. रेला एवढंच तपासायचं होतं, हा माणूस नियमाचा की माझा. आणि तिथून पुढे रे त्यांच्याकडून एकेक काम करून घेत राहिला, या विभागातून त्या विभागात बदलीसाठी शिफारसी वगैरे. ऑफिसात चाकू नसतो पण पद्धत हीच असते हो, नवीन जॉईन झालेल्याला पहिल्याच आठवड्यात एखादं छोटं गुपित सांगायचं, एखादी छोटी चुकीची सही घ्यायची, "आपल्या दोघांतच राहू दे", आणि मग तो माणूस अडकला.

हेअरना कळून चुकलं की अशा लोकांना त्यांच्याबद्दल प्रश्न विचारून काही हाती लागत नाही, कारण ते तुम्हाला हवं तेच उत्तर देतात. म्हणून त्यांची जी चेकलिस्ट १९८० मध्ये आली आणि सुधारून १९९१ ला छापली गेली, २० मुद्दे, प्रत्येकी ० ते २, एकूण ४०, आणि उत्तर अमेरिकेत साधारण ३० ला रेषा म्हणजे तेवढे मार्क पडले की सायकोपॅथ धरायचं, तिच्यात मुलाखतीसोबत जुनी फाईल वाचून ताडून बघणं आलं. ती शिकलेल्या माणसानेच वापरायची असते, मोबाईलवर टिकमार्क करून साहेबाला मार्क द्यायला नाही. त्याच १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकाने ‘अँटिसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ची व्याख्या मुख्यतः दिसणाऱ्या वागण्यावर, कायदा मोडण्यावर वगैरे बेतली, त्यामुळे कधी पोलीस स्टेशनची पायरी न चढलेला गोडबोल्या तिच्यातून सहज निसटतो.

ऑफिसचा दरवाजा उघडला पॉल बाबियाक यांनी. हे इंडस्ट्रियल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे कंपन्यांमध्येच काम करणारे, १९९५ मध्ये त्यांनी अशा एका कर्मचाऱ्याची केस छापली. त्यांना दिसलं की एकाच माणसाबद्दल कंपनीत दोन टोकाची मतं आहेत, वरच्यांना तो हिरा वाटतो आणि सोबत रोज काम करणारे त्याच्या नावाने हादरतात. मला विचाराल तर ओळखायची सगळ्यात कामाची खूण हीच. तापट साहेब सगळ्यांशी तापटच असतो, हा मात्र माणूस बघून बदलतो, कोणाचा उपयोग आहे ते आधी हेरतो, मग वापरतो, मग सोडून देतो आणि जाताना त्या वापरलेल्या माणसाबद्दलच इतरांचे कान भरून ठेवतो.

२००६ मध्ये हेअर आणि बाबियाक यांनी मिळून पुस्तक काढलं आणि विषय घराघरात गेला. २०१० मध्ये त्यांचा अभ्यास आला, कंपन्यांनी मॅनेजमेंट ट्रेनिंगसाठी निवडलेले २०३ लोक, त्यात ४ टक्क्यांच्या आसपास त्या ३० च्या रेषेला किंवा तिच्या वर. सगळीकडे बातमी फिरली की ४ टक्के सीईओ सायकोपॅथ, जे त्यात कुठेच नव्हतं! त्यात होतं ते जास्त काळजीचं, की ज्यांचे मार्क जास्त त्यांचं बोलणं, प्रेझेंटेशन कंपनीला उत्तम वाटत होतं आणि टीम सांभाळणं, प्रत्यक्ष काम यात ते कमी पडत होते.

स्वीडनने दुसरा रस्ता धरला. तिथे हाइन्झ लेमन यांनी १९८० च्या दशकात ऑफिसातल्या सामूहिक छळाचा अभ्यास केला आणि १९९३ मध्ये तिथे त्याविरुद्ध नियमच आला, माणसाला कुठला आजार आहे याच्या भानगडीत न पडता काय केलं तेवढं बघायचं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा, १० किंवा जास्त लोक असतील तिथे समिती लागते, पण ते लैंगिक छळापुरतं. बाकी छळाला असा वेगळा कायदा नाही, त्यामुळे अंबडच्या छोट्या युनिटमधल्या पोराकडे हातात राहतो तो फक्त कागद.

म्हणून कोणी विचारलं तर मी हेअरचीच पद्धत सांगते, बोलण्यापेक्षा कागदावर भिस्त, तो सायको आहे हे कोणाला पटवायला जाऊ नका, तारीख, वेळ, काय बोलला, समोर कोण होतं हे लिहा, तोंडी सांगितलेलं काम "आपण बोललो त्याप्रमाणे" म्हणून मेलवर टाका, एकटे भेटू नका, त्याला तुमच्या घरच्या अडचणी सांगू नका. आणि झोप उडाली असेल तर टेलीमानसचा १४४१६ हा मानसिक त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे. इथे कोणी सोडून गेलं की फॉर्म तर भरूनच घेतो, पण मी त्यांना तीन महिन्यांनी परत फोन लावते, कारण फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे पैसे खात्यात जमा झाले की माणूस बोलतो.