माळवद गेलं, स्लॅब आला : माणदेशी घरातल्या गारव्याची पार्श्वभूमी

दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत. या पट्ट्यात उन्हाळ्यात रात्री दहा वाजताही पंखा गरम वारा टाकतो. कारण डोक्यावरचा स्लॅब. चार-पाच इंची काँक्रीट दुपारचं ऊन तीन-चार तासांत खाली उतरवतं आणि मग मध्यरात्रीपर्यंत घरावर धरून बसतं.

महाबळेश्वर आणि माण-खटाव एकाच सातारा जिल्ह्यात, पण माण-खटावला पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसा भाजतं, पहाटे गोधडी लागते. वाळवंटातली घरं नेमकी याच फरकावर उभी असतात. जाड मातीच्या भिंती दिवसभर ऊन पचवतात आणि रात्री ते बाहेर टाकतात. इराणमधल्या याझ्दमध्ये त्याला बादगीर, म्हणजे वारा पकडणाऱ्या मनोऱ्यांची जोड मिळाली. तिथल्याच दौलताबाद बागेतला बादगीर ३३ मीटर उंच आहे. सिंधमधल्या हैदराबादेतही छताछतांवर असे वारा-पकडे असत. इजिप्तमध्ये हसन फथी यांनी १९४०च्या दशकात न्यू गुर्ना गाव वसवलं, तेही मातीच्या विटांचं.

माणदेशानं मनोरा उभारला नाही. बहुधा परवडलाच नसता: एरवी पाऊस तोंड फिरवतो, पण परतीचा आला तर एका रात्रीत ओढे वाहवतो, मनोऱ्याच्या उघड्या तोंडातून तो सरळ घरात आला असता. इथे त्या जागी सानं आलं, माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला ठेवलेलं हातभर भोक. उजेड त्यातूनच आत येई, चुलीचा धूर आणि वर चढलेली गरम हवा त्यातूनच बाहेर जाई.

माळवद म्हणजे तुळया, त्यांवर किलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, मग पाला आणि वर हातभर पांढरी माती. ही माती जुन्या गावठाणाची, चिकट. दर मृगाआधी वर नवा थर चोपायचा, पन्हळी साफ करायच्या. म्हसवडजवळ आमच्या आजोळी पावसाचा पहिला थेंब पडला की आज्जी ओरडायची, "सानं झाक रं पोरा!" आणि मी शिडीवरून फरशीचा तुकडा सरकवायला धावायचो. एरवी सान्यातून पडलेला उन्हाचा कवडसा माजघरातल्या सारवलेल्या जमिनीवर सरकत जाई. तो उतरंडीपाशी पोचला की आज्जी चहाचं आधण ठेवी. बाकी माजघर अंधारंच. माळवदाचं कौतुक करताना तो अंधार आणि बायकांच्या डोळ्यांत जाणारा धूर विसरून चालत नाही.

ज्यांच्याकडे पैसा आणि पाणी होतं, त्यांनी आणखी वेगळी सोय केली. साताऱ्याजवळ लिंबला वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ (इ. स. १७१९–२४) या काळात बारा मोटांची विहीर बांधवून घेतली, तिच्या पोटातच महाल आहे. याझ्दला वारा तळघरातल्या पाण्यावरून नेतात. लिंबला माणसानंच पाण्यापाशी उतरायचं.

मग माळवद गेलं कशानं? दरवर्षी माती चोपायला माणसं उरली नाहीत, तुळयांना लाकूड मिळेना, सिमेंट तालुक्याच्या दुकानात आलं. पण खरा घाव भूकंपाचा. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेनं सातारा हादरवला. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी इथून लांब, तरी त्यानंतर वरची माती बघून आपल्याकडच्याही लोकांची झोप उडाली. ती भीती खोटी नव्हती. मात्र जड छत काढताना जाड भिंत, सानं, सोपा सगळंच काढून टाकलं. दगड मातीऐवजी चुन्यात बांधून, मध्ये लाकडी पट्टे घालून भिंत टिकवता आली असती का, हे गवंड्याला विचारलंच नाही कुणी.

मामानं पुढं स्लॅब टाकला, पण मागच्या एका खोलीचं माळवद अजून राखलंय. तिथं कांदा आणि बियाणं असतं. वैशाखात दुपारी मामाही असतो.