दुर्मीळ ताऱ्यांची मोजदाद

‘इओल प्रू आरएस-टी डी३-९४’ हे नाव पहिल्यांदा वाचणाऱ्याला एखाद्या यंत्राच्या सुट्या भागाचा क्रमांक वाटेल. प्रत्यक्षात तो एका ताऱ्याचा पत्ता आहे. ‘एलिट डेंजरस’ या संगणकीय खेळातील आकाशगंगेत, सूर्यापासून सुमारे २२,००० प्रकाशवर्षांवर, ही तारकाप्रणाली आहे आणि पुढे खेळाडूंनी तिथे वसाहत केल्यामुळे ती ‘कोलोनिया’ या सुटसुटीत नावाने ओळखली जाऊ लागली. बाकीच्या बहुतेक प्रणालींच्या नशिबी असे बारसे नसते. त्यांची नावे पत्त्यासारखीच राहतात, कारण त्यांच्याकडे कोणी गेलेलेच नसते.

केंब्रिजच्या ‘फ्रंटियर डेव्हलपमेंट्स’ या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये हा खेळ बाजारात आणला. आपल्या आकाशगंगेची प्रतिकृती त्यात खऱ्या आकारमानाने उभी केली आहे आणि तिच्यात सुमारे ४०० अब्ज तारकाप्रणाली आहेत. इतक्या प्रणाली हाताने रचणे कोणालाही शक्य नाही. दीड लाखाच्या आसपास तारे खऱ्या खगोलशास्त्रीय सूचींमधून घेतले आहेत आणि उरलेले सारे गणिती नियमांनी तयार होतात. खेळाडूचे यान एखाद्या प्रणालीत पोहोचले की ठरलेल्या बीजसंख्येवरून, म्हणजे गणिताला सुरुवातीला दिलेल्या आकड्यावरून, तिथला तारा, त्याचे ग्रह आणि त्या ग्रहांचे चंद्र मांडले जातात. बीजसंख्या बदलत नाही, त्यामुळे आज दिसलेला ग्रह दहा वर्षांनी दुसऱ्या खेळाडूलाही तिथेच आणि तसाच दिसतो. ही युक्ती नवी नाही. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी १९८४ मध्ये केलेल्या मूळ ‘एलिट’मध्ये याच मार्गाने ३२ किलोबाइट स्मृतीच्या संगणकात प्रत्येकी २५६ प्रणालींच्या आठ दीर्घिका बसवल्या होत्या.

दर सेकंदाला एक याप्रमाणे कोणी या ४०० अब्ज प्रणाली नुसत्या पाहत बसला, तरी त्याला साडेबारा हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. हजारो खेळाडूंनी वर्षानुवर्षे भटकंती करूनही हजारात एक प्रणालीसुद्धा पाहून झालेली नाही. या भटकंतीतून खेळाडूंनी स्वतःहून सूची तयार केल्या आहेत. यानाच्या प्रत्येक उडीची नोंद खेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवतो, खेळाडूंनी बनवलेली छोटी साधने ती नोंद वाचतात आणि सामाईक साठ्यात जमा करतात. कृष्णविवरे, वुल्फ-रायेत तारे, कार्बन तारे, पृथ्वीसारखे ग्रह, हिरव्या रंगाने उजळणारे वायुग्रह अशा दुर्मीळ गोष्टींच्या याद्या त्यातून निघतात. खेळाच्या आत मिळणारे श्रेय मात्र कठोर अटीवर आहे. नवी प्रणाली शोधणाऱ्याचे नाव तिच्यावर कायमचे कोरले जाते, पण त्यासाठी गोळा केलेली माहिती स्थानकावर परत आणून विकावी लागते. वाटेत यान नष्ट झाले, तर न विकलेल्या सगळ्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. महिनाभर प्रवास करून परतणारा खेळाडू शेवटच्या अवतरणाच्या वेळी इतका धास्तावलेला का असतो, हे त्यावरून कळावे.

या याद्यांमध्ये मला सर्वांत रस वाटतो तो एका साध्या प्रश्नात. एखादा तारा दुर्मीळ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती दुर्मिळता त्या ताऱ्याची असते की आपल्या पाहण्याच्या पद्धतीची? खेळाडूंच्या वाटा पाहिल्या की हा प्रश्न किती खरा आहे ते दिसते. यानाला इंधन लागते आणि ते ताऱ्याच्या बाह्यस्तराजवळून उडत हायड्रोजन ओढून भरता येते, पण सगळ्याच ताऱ्यांकडून नव्हे. तापमानानुसार पाडलेल्या ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या सात वर्गांचेच तारे त्यासाठी चालतात. तपकिरी बटू (ताऱ्यासारखे पेटण्याइतके वस्तुमान नसलेले गोल), श्वेत बटू, न्यूट्रॉन तारे यांच्याकडे इंधन मिळत नाही. साहजिकच मार्ग आखताना खेळाडू नकाशावर याच सात वर्गांची चाळणी लावतात आणि वाटेवरचे निस्तेज तपकिरी बटू न पाहिलेले राहतात. याच्या उलट, न्यूट्रॉन ताऱ्याच्या ध्रुवांतून उसळणाऱ्या झोतात यान नेले, तर पुढच्या एका उडीचा पल्ला चौपट होतो. त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघालेले सारे न्यूट्रॉन ताऱ्यांच्या माळेवरून जातात. अशा सूचीत न्यूट्रॉन तारे मुबलक आणि तपकिरी बटू विरळ दिसले, तर त्यातून आकाशगंगेचे नव्हे, वाहतुकीचे चित्र कळते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर उभे राहून महाराष्ट्रात बैलगाड्या किती आहेत हे मोजण्यासारखाच हा प्रकार आहे.

खेळाडू ज्या सात अक्षरांचा क्रम उलटापालटा करून इंधनासाठी पाठ करतात, ती अक्षरे हार्वर्ड वेधशाळेतून आलेली आहेत. अ‍ॅनी जम्प कॅनन यांनी तेथे काचेच्या तबकड्यांवर टिपलेले वर्णपट भिंगातून पाहून आयुष्यभरात सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचे वर्गीकरण केले. १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘हेन्री ड्रेपर’ सूचीत सव्वादोन लाखांहून अधिक तारे आहेत. कॅनन यांची नजर इतकी तयार झाली होती की त्या मिनिटाला तीन ताऱ्यांचा वर्ग सांगू शकत. तबकडीवर जो तारा उमटला तो वर्गात बसवायचा, आवडता-नावडता असा भेद करायचा नाही, ही त्यांच्या कामाची रीत होती. परंतु तबकडीवर मुळात तेजस्वी तारेच उमटत असत, आणि हा दोष कितीही तयार नजरेने भरून निघणारा नव्हता.

तो दोष आपल्या डोळ्यांतही आहे. अंधाऱ्या रात्री गावाबाहेर उभे राहून वर पाहिले, तर काक्षी, राजन्य, ज्येष्ठा, स्वाती, अभिजित असे तारे लक्ष वेधून घेतात. त्यांतील काक्षी आणि ज्येष्ठा हे लाल महाराक्षसी तारे आहेत, राजन्य निळा महाराक्षसी आहे आणि स्वाती हा राक्षसी तारा आहे. आकाश अशाच दांडग्या ताऱ्यांनी भरले आहे असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुस्थिती अशी की सूर्याच्या परिसरातील सुमारे तीन चतुर्थांश तारे लाल बटू, म्हणजे लहान आणि मंद तारे, आहेत आणि त्यांपैकी एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, ४.२ प्रकाशवर्षांवरील प्रॉक्सिमा सेंटॉरी, हादेखील लाल बटू असून तो १९१५ मध्ये रॉबर्ट इनेस यांना सापडेपर्यंत कोणाला ठाऊक नव्हता. दुसऱ्या टोकाला, ओ वर्गाचे तप्त निळे तारे सूर्याच्या परिसरात तीस लाख ताऱ्यांमागे एखादाच असतो, पण तो हजारो प्रकाशवर्षांवरूनही दिसतो. तेजस्वी वस्तू लांबून दिसतात म्हणून त्या मोजदादीत फाजील संख्येने शिरतात. खगोलशास्त्रात या परिणामाला स्वीडनचे गुन्नर माल्मक्विस्ट यांचे नाव दिलेले आहे.

परग्रहांच्या बाबतीतही हेच घडले. मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवती ग्रह शोधला, तो गुरूसारखा अवजड आणि ताऱ्याला जेमतेम चार दिवसांत प्रदक्षिणा घालणारा होता. त्यानंतरच्या काही वर्षांत असेच ‘तप्त गुरू’ एकामागोमाग सापडले आणि आपली सूर्यमालाच जगावेगळी आहे की काय, अशी शंका येऊ लागली. तप्त गुरू मुळात शंभर सूर्यसदृश ताऱ्यांमागे एखाद्याजवळ असतात. मोठ्या वस्तुमानाचा आणि जवळून फिरणारा ग्रह ताऱ्याला जोराने डोलवतो, म्हणून तो आधी हाती लागला, इतकेच.

मग खेळातील आकाशगंगेत खरी दुर्मिळता कशी मोजायची? याचे उत्तर त्या विचित्र नावांमध्येच दडलेले आहे. संपूर्ण आकाशगंगा १,२८० प्रकाशवर्षे बाजू असलेल्या घनाकार विभागांत वाटली आहे आणि ‘इओल प्रू’ हे अशाच एका विभागाचे नाव आहे. प्रत्येक विभाग आणखी लहान घनांत विभागला जातो. नावातील ए ते एच यांपैकी एक अक्षर त्या घनाचा आकार सांगते. ‘ए’ म्हणजे १० प्रकाशवर्षे बाजूचा घन, ‘बी’ म्हणजे २० आणि असे दुप्पट होत होत ‘एच’ म्हणजे अख्खा विभाग. ‘डी’ आकाराचा घन ८० प्रकाशवर्षांचा, म्हणून एका विभागात असे ४,०९६ घन बसतात, तर ‘ए’ आकाराचे जवळजवळ २१ लाख. हे अक्षर वस्तुमानाशी बांधलेले आहे. सर्वांत अवजड प्रणाली मोठ्या घनांना आणि सर्वांत हलक्या लहान घनांना दिल्या जातात. त्यामुळे नाव वाचूनच जाणकार खेळाडू ताडतो की ‘एच’ असेल तर कृष्णविवर किंवा प्रचंड तारा असण्याचा संभव आहे, आणि ‘ए’ असेल तर एखादा मंद लाल किंवा तपकिरी बटू. दुर्मीळ वस्तूंच्या मागे लागणारे थेट मोठ्या घनांच्या अक्षरांकडे जातात आणि सूची आणखी एकांगी करतात, हे ओघाने आलेच.

नावातील शेवटचा आकडा मात्र याहून उपयोगाचा आहे. एका घनातील प्रणालींना शून्यापासून ओळीने क्रमांक दिलेले असतात, म्हणजे ‘डी३-९४’ दिसली की त्या घनात किमान ९५ प्रणाली आहेत हे तिथे न जाताच कळते. समजा, एखाद्या घनातील चार प्रणाली सहज हाती आल्या आणि त्यांचे क्रमांक ११, ३८, ६१ व ८० निघाले. मोजणी शून्यापासून असल्याने सर्वांत मोठा आकडा ८१ धरायचा, त्याला चाराने भागून येणारे सुमारे २० त्यात मिळवायचे आणि एक वजा करायचा. एकूण प्रणालींचा अंदाज शंभराच्या घरात येतो. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी पाडाव केलेल्या जर्मन रणगाड्यांच्या गिअरबॉक्सवरील क्रमांकांवरून नेमके हेच गणित केले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनीत किती रणगाडे तयार झाले, याचा हेरखात्याचा अंदाज १,५५० होता आणि संख्याशास्त्रज्ञांचा ३२७. युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत आकडा मिळाला ३४२. खेळाडूची सोय अशी की नकाशात पुढचा क्रमांक टाइप करून ती प्रणाली अस्तित्वात आहे की नाही हे त्याला लगेच पडताळता येते. दुर्बिणीसमोर बसलेल्याला असा नकाशा मिळत नाही.

संख्या कळली तरी आत काय आहे हे कळण्यासाठी जावेच लागते. म्हणून काही चिकाटीचे खेळाडू एकच घन निवडतात आणि शून्यापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत एकही प्रणाली न वगळता पाहून काढतात. बहुतेक नोंदी नीरस असतात, पण अशा घनात शंभरांपैकी दोन ठिकाणी पृथ्वीसारखा ग्रह निघाला, तर ‘शंभरांत दोन’ या म्हणण्याला अर्थ असतो. नुसत्या भटकंतीत सापडलेल्या दोन ग्रहांना तो नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खेळातील पृथ्वीसारखे ग्रह मोजून खऱ्या आकाशगंगेविषयी काहीही सिद्ध होत नाही, कारण ते किती असावेत हे नियम लिहिणाऱ्यांनीच ठरवलेले आहे. फेब्रुवारी २०१७ मधील एका योगायोगाने मात्र अनेकांना चकवले. ट्रॅपिस्ट-१ या चाळीसेक प्रकाशवर्षांवरील थंड लाल बटूभोवती सात खडकाळ ग्रह असल्याची घोषणा झाली, आणि खेळातील त्याच जागेच्या आसपास गणिती नियमांनी आधीच एक तपकिरी बटू आणि त्याच्याभोवती सात खडकाळ गोल तयार केलेले होते. कंपनीने मग त्या प्रणालीत दुरुस्ती करून तिला खऱ्या ट्रॅपिस्ट-१ चे रूप दिले. सूर्याच्या इतक्या जवळ मंद तारे ठेवलेच पाहिजेत आणि मंद ताऱ्यांना लहान ग्रह द्यायचे, हे नियम वास्तवाला धरून होते, एवढे श्रेय त्यांना देता येईल. साताचा आकडा जुळला तो योगायोग.

खेळाडूंचे डोळे खऱ्या विज्ञानाच्या कामी आल्याचे उदाहरण दुसऱ्या एका खेळात मिळते. ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात २०१७ मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या सहकार्याने परग्रह शोधण्याचा एक उपक्रम जोडला गेला. त्यात खेळाडूंसमोर युरोपच्या ‘कोरो’ दुर्बिणीने नोंदलेले ताऱ्यांच्या प्रकाशाचे खरे आलेख येत, आणि ग्रह ताऱ्यासमोरून जाताना पडणारा बारीकसा खड्डा त्यांना खूण करून दाखवायचा असे. पृथ्वीसारखा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून जाताना आपल्याला दिसण्याची शक्यता दोनशेत एक इतकीही नाही, तेव्हा खड्डा नसलेले असंख्य आलेख पाहणे हाच या कामाचा मोठा भाग होता.

न वगळता मोजण्याचे सर्वांत मोठे काम युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘गाया’ दुर्बिणीने केले. डिसेंबर २०१३ मध्ये निघालेल्या या दुर्बिणीने ठरावीक तेजापर्यंतचा प्रत्येक तारा पुन्हा पुन्हा पाहिला आणि तिच्या २०२२ च्या सूचीत सुमारे १.८ अब्ज नोंदी आल्या. त्याच वर्षी या मोजमापांतून एक कृष्णविवर सापडले, ‘गाया बीएच१’. ते सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याच्याभोवती सूर्यासारखा एक साधा तारा फिरतो. कृष्णविवराची नेहमीची खूण असलेले क्ष-किरण तिथून येत नव्हते, त्यामुळे दुर्मीळ गोष्टींच्या शोधात निघालेला कोणीही त्या साध्या ताऱ्याकडे दुसऱ्यांदा पाहिले नसते. त्याचे किंचित डोलणे सापडले ते सरसकट मोजमापात. दोन वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, गरुड तारकासमूहात सूर्याच्या ३३ पट वस्तुमानाचे ‘गाया बीएच३’ जाहीर झाले. ते तर कोणी शोधायला गेले नव्हते. पुढची सूची प्रसिद्ध करण्यापूर्वी तिच्यातील आकडे बरोबर आहेत की नाहीत हे तपासत असताना ते समोर आले.