सातारा परिसरातील डोंगरी सायकलवाटा

सातारा शहराभोवतीच्या टेकड्या, गडांचे उतार, माळ आणि शिवार यांतून जाणाऱ्या व माउंटन बाइकने पार करता येण्याजोग्या कच्च्या वाटा. यांतल्या बहुतेक वाटा सायकलसाठी आखलेल्या नाहीत. काही गुरांच्या खुरांनी पडल्या, काही बैलगाड्यांच्या चाकांनी. काही गडावर किंवा देवाला जाणाऱ्यांनी पाडल्या. बाकीच्या म्हणजे वनखात्याच्या जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे), कालव्याकाठचे रस्ते आणि पवनचक्क्यांसाठी काढलेले मुरमाड रस्ते. वाट कोणी पाडली हे कळले की ती सायकलला कितपत मानवेल याचा अंदाज येतो. नकाशावरच्या रेषेपेक्षा हा अंदाज जास्त भरवशाचा.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीमध्ये १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली माउंट टॅमलपायसच्या परिसरातील उतारांवरून सोडत. १९७६ मध्ये तिथे ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. उतरताना मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, त्यावरून हे नाव पडले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळातला क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतारांच्या कच्च्या वाटांवरच्या शर्यतीचा प्रकार दाखल झाला. आपल्याकडे जाड टायर आणि सरळ हँडलची सायकल ‘रेंजर’ या नावाने शाळकरी मुलांच्या हाती आधी आली, खेळ बराच नंतर.

सह्याद्रीचा हा भाग बेसाल्टच्या थरांचा आहे. पश्चिमेकडच्या उंच पठारांवर त्यावर जांभ्याचा थर आहे आणि पूर्वेकडे सरकत जावे तसा उघडा मुरूम व काळी माती लागते. पावसाचा फरक तर थक्क करणारा. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. सातारा शहर या दोन टोकांच्या मध्ये आहे. त्यामुळे एकाच सकाळी पश्चिमेला शेवाळलेल्या कातळावरून घसरावे आणि पूर्वेला धुळीत चाक रुतावे, असे इथे सहज घडू शकते.

वाट टिकते की वाहून जाते हे पाणी ठरवते. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटनेने (स्थापना १९८८) रूढ केलेला एक ठोकताळा आहे : वाटेचा चढ ती ज्या उतारावरून जाते त्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा आणि सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास राहावा. उतार वीस टक्के असेल तर वाट दहा टक्क्यांची. त्याहून तीव्र झाली की पावसाचे पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेनेच धावू लागते आणि दोन-चार पावसाळ्यांत तिची घळ होते. गुरांना हा नियम कोणी शिकवलेला नाही, पण चरताना ती डोंगराला आडवीच चालतात. म्हणून गुराख्यांच्या वाटा समतल, अरुंद आणि सायकलला उत्तम. भाविक आणि ट्रेकर यांना मात्र वर पोहोचण्याची घाई. त्यांच्या सरळ चढणाऱ्या वाटा, विशेषतः वळणे तोडून पाडलेल्या आडवाटा, सुट्या दगडांनी भरलेल्या असतात. त्यांवरून सायकल बहुधा खांद्यावरच न्यावी लागते.

शहराला सर्वांत जवळचा अजिंक्यतारा. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर असून वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. पहाटे या रस्त्यावर फिरायला येणाऱ्यांची इतकी गर्दी असते की उतरताना वेग धरणे केवळ उर्मटपणा ठरतो. गडाच्या उतारांवरच्या पायवाटा शांत, पण झाडीतल्या दगडांमुळे कसब पाहणाऱ्या. गडाजवळच खिंडीतला गणपती, म्हणजे कुरणेश्वर. तिथली झाडी आणि बेताचे चढ-उतार नवख्याला सोपे जातात.

पश्चिमेला यवतेश्वरचा घाट. या रस्त्यावर २०१२ पासून सातारा हिल मॅरेथॉन धावली जाते. कच्च्या वाटांचा सायकलस्वार या घाटाकडे केवळ उंची कमावण्याचे साधन म्हणून पाहतो. घाटाच्या पायथ्याशी महादऱ्याचा तलाव आणि जंगल आहे. फुलपाखरांसाठी ख्यात असलेला हा भाग आता संवर्धन राखीव क्षेत्र असल्याने तिथल्या आतल्या वाटा सायकलसाठी गृहीत धरू नयेत.

शहराजवळच्या बोगद्यापलीकडे उरमोडी नदीचे खोरे उघडते. परळी, सज्जनगडाचा पायथा आणि धरणाकाठची गावे जोडणाऱ्या पाणंदी इथे आहेत. दोन्ही बाजूंनी झाडोरा, मध्ये दोन चाकोऱ्या आणि चाकोऱ्यांमधल्या गवताच्या पट्ट्यात लपलेले दगड. लांब पल्ल्याच्या सफरीसाठी साताऱ्यात याहून सुखाचा भाग सापडणे कठीण. पुढे ठोसेघरचा चढ संपला की चाळकेवाडीचे पवनचक्क्यांचे पठार लागते. एका चक्कीपासून दुसरीकडे जाणारे रुंद मुरमाड रस्ते तिथे आहेत, चढही फारसा नाही. पण वाऱ्याला आडोसा नाही, आणि तो समोरून आला की सपाटीही चढासारखी दमवते.

पूर्वेला देगावच्या वरच्या डोंगरात पाटेश्वर आहे. माथ्याजवळच्या दाट झाडीत सायकल ठेवून मंदिरे पायीच पाहावीत. जरंडेश्वर मात्र पायऱ्यांचा, तो सायकलचा डोंगर नव्हे. कोरेगावकडच्या उघड्या टेकड्यांवर पाणलोटाच्या कामात खणलेले सलग समतल चर आहेत. गवत वाढले की हे चर दिसेनासे होतात. पुढचे चाक त्यात गेले की स्वार हँडलवरून पुढे जातो. अनोळखी टेकडी म्हणून आधी चढून पाहावी आणि मगच उतरावी.

कास पठाराचा उल्लेख वेगळा करावा लागतो, कारण सायकल आणि कास ही जोडी जाहिरातींत फार शोभते. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर, बाराशे मीटरच्या आसपास उंचीवर असलेले हे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत दाखल झालेल्या पश्चिम घाटाच्या स्थळांपैकी एक आहे. इथली माती काही ठिकाणी जेमतेम बोटभर आहे, खाली सलग जांभा. पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ डबक्यांत वायतुरा ही पाणवनस्पती उगवते. अशा मातीवरून ओले असताना चाक गेले की चाकोरी उरते, तिच्यातून पाणी वाहते आणि मातीही जाते. डांबरी रस्त्याने कासला जरूर जावे. रस्ता सोडून सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या कातळावर, सायकल घालणे मात्र नियमात बसत नाही आणि शहाणपणातही नाही.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चपासून गवत वाळते, वणवे लागतात आणि कुसळे मोज्यांत शिरतात. याच काळात जाळरेषा स्वच्छ दिसतात, पण त्या आगीला अडवण्यासाठी असतात आणि बहुधा उतारावर सरळ सोडलेल्या असतात. बाभूळ आणि वेडी बाभूळ हे बारमाही संकट. ट्यूबच्या टायरने पूर्वेकडच्या माळावर जाणाऱ्याने पंक्चरचे साहित्य जवळ ठेवावे. सीलंट घातलेला ट्यूबलेस टायर अशी बारीक छिद्रे स्वतःच बुजवतो. इथल्या वाटांना १०० ते १२० मिलिमीटरचा पुढचा सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक पुरतात. दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली महागडी सायकल घेण्याचा मोह साताऱ्यात तरी आवरावा.

राखीव वनात परवानगीविना शिरणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा ठरू शकतो आणि अभयारण्यातील प्रवेशाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात (२०१०) येते, त्यामुळे कासपलीकडच्या बामणोलीच्या पुढे मोकळ्या वाटांची कल्पना सोडून द्यावी. सांगली जिल्ह्यात सागरेश्वर अभयारण्यालाही हेच लागू.  गवे कास-बामणोली भागात संध्याकाळी रस्त्यावर येतात. गवा दिसला की उतरून थांबावे, घंटी वाजवू नये. कड्यांवरच्या आग्या मोहोळांखाली धूर किंवा आरडाओरडा नको.

चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी हा खेळाचा सार्वत्रिक संकेत. इथे त्याच्याही आधी गुरांचा आणि मेंढरांचा मान. दिवाळीनंतर धनगरांचे कळप वाटांवर असतात. मेंढ्यांच्या मागून वेगाने आल्यास कळप फुटतो, आणि राखणीची कुत्री सायकलला लांडगाच समजतात. उतरून, सायकल आपल्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरून मेंढपाळाला हाक मारावी. बांधावरचे काटेरी झाप सरकवून आत गेल्यास ते पुन्हा होते तसे लावावे, नाहीतर संध्याकाळपर्यंत कोणाची तरी ज्वारी गुरांच्या तोंडी गेलेली असते.