वाळवंटी शहराची पवनऊर्जा क्षमता : मोजमाप

वाळवंटी शहराच्या परिसरातील वाऱ्यापासून वर्षाकाठी किती वीज मिळेल, ती कोणत्या उंचीवर, कोणत्या महिन्यांत आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी मिळेल, याचा मोजणी व गणित यांच्या आधारे बांधलेला अंदाज. अशा अहवालांत वाऱ्याच्या सरासरी वेगाचा एक आकडा ठळकपणे दिलेला असतो आणि चर्चाही त्याच्याच भोवती फिरते. तो कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या वेळी मोजला हे कळल्याखेरीज त्याला फारसा अर्थ नसतो. वाळवंटात तर तो हमखास चकवतो.

वाळवंट म्हटले की सोसाट्याचा वारा आणि उडती वाळू डोळ्यांपुढे येते. पण उष्ण वाळवंटांपैकी बरीचशी उपोष्ण कटिबंधातील जास्त दाबाच्या पट्ट्याखाली आहेत. तिथे हवा वरून खाली उतरते, आभाळ निरभ्र राहते आणि जमिनीलगतचा वारा अनेकदा बेताचाच असतो. जोराचा वारा मिळतो तो डोंगरांनी कोंडलेल्या किंवा तापमानाच्या मोठ्या फरकाने ओढून घेतलेल्या जागी. सुएझच्या आखातावर दोन्ही काठांच्या डोंगररांगांमधून वायव्येचा वारा बोगद्यातून यावा तसा येतो. इजिप्तचा झाफराना येथील सुमारे ५४५ मेगावॅटचा पवनऊर्जा प्रकल्प त्याच्यावर चालतो. इराणच्या सीस्तान भागात, झाबोल शहराभोवती, उन्हाळ्यात ‘एकशेवीस दिवसांचा वारा’ वाहतो. यझ्द शहरातील बादगीर, म्हणजे घरांवरचे वारा पकडणारे मनोरे, पाहून तिथे वीजही भरपूर होईल असे अनुमान काढणे मात्र चुकीचे. बादगिराला झुळूकही पुरते आणि वारा पडला तरी तापलेल्या मनोऱ्यातून हवा वर खेचली जाऊन त्याचे काम चालू राहते. पवनचक्कीचे तेवढ्यावर भागत नाही.

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे या विषयाचे मर्म. एका जागी वारा सतत ५ मीटर प्रति सेकंद वाहतो आणि दुसऱ्या जागी निम्मा वेळ २ व निम्मा वेळ ८ मीटर, असे समजू. सरासरी दोन्हीकडे ५ च. घनांची सरासरी मात्र पहिल्या जागी १२५ आणि दुसऱ्या जागी २६० येते. म्हणजे दुसऱ्या जागी शक्ती दुपटीहून जास्त. म्हणून सरासरीसोबत वेगांची वाटणी पाहावी लागते. त्यासाठी स्वीडिश अभियंता वालोदी वायबुल यांच्या नावाने ओळखले जाणारे वितरण वापरतात. त्यात दोन अंक असतात : एक वेगाचे प्रमाण सांगतो, दुसरा वाटणीचा आकार. आकाराचा अंक २ असेल तर शक्ती नुसत्या सरासरीवरून काढलेल्या शक्तीच्या १.९१ पट निघते. ३ असेल, म्हणजे वारा त्याहून एकसारखा असेल, तर १.४ पट. यातली सगळी शक्ती पात्यांच्या हाती लागत नाही. बेट्झच्या मर्यादेनुसार आदर्श चक्कीसुद्धा जास्तीत जास्त ५९.३ टक्केच घेऊ शकते.

आकडेवारी बहुधा विमानतळावरच्या वेधशाळेची असते, कारण अनेक वर्षांची नोंद तिथेच सापडते. खरी अडचण इथूनच सुरू होते. तिथला वेगमापक प्रमाणित १० मीटर उंचीच्या खांबावर असतो. त्याच्या वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्यांखालच्या बेअरिंगमध्ये बारीक धूळ जाते, मंद वाऱ्यात वाट्या फिरेनाशा होतात आणि वहीत शून्य पडते. वेग पूर्ण नॉटमध्ये नोंदवलेला असेल तर १ नॉट म्हणजे ०.५१ मीटर प्रति सेकंद, एवढ्या पायऱ्यांनी आकडे सरकतात. शहर वाढत जाऊन खांबाला इमारतींनी वेढले, की तीस वर्षांच्या नोंदीत वारा ‘कमी होत गेलेला’ दिसतो. प्रत्यक्षात वारा तोच असतो, आड आलेल्या असतात भिंती.

त्याहून मोठा चकवा रात्रीचा. सूर्य मावळताच वाळू झपाट्याने थंड होते, तिला चिकटलेली हवाही थंड व जड होते आणि वरच्या थरापासून तुटते. १० मीटरवर वारा पडतो. शे-दोनशे मीटरवर मात्र जमिनीच्या घर्षणातून सुटलेला वारा जोर धरतो. खालची नोंद सांगते की वारा दुपारी असतो आणि रात्री नसतो. चक्कीच्या उंचीवर हे चित्र अनेकदा नेमके उलटे असते. दिवसभराच्या सरासरीवरून वर चढवलेला आकडा ही रात्र गमावून बसतो.

उंचीचा हिशेब घातांकाच्या नियमाने करण्याची पद्धत आहे : उंची जितक्या पट वाढते, त्या पटीचा ठरावीक घात घेऊन वेग तेवढ्या पट वाढवायचा. सपाट उघड्या जमिनीसाठी घातांक १/७ धरतात, खडबडीत जागी ०.२५ किंवा जास्त. १० मीटरवर ४.५ मीटर प्रति सेकंद वेग असेल, तर १०० मीटरवर पहिल्या घातांकाने सुमारे ६.२५ आणि दुसऱ्याने ८ मिळतो. शक्तीत दुपटीचा फरक. मोजमाप तेच, फक्त टेबलावर बसून निवडलेला अंक वेगळा! राजस्थानच्या बाबतीत भारताच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेचे अंदाज १०० मीटर उंचीला सुमारे १९, १२० मीटरला सुमारे १२८ आणि १५० मीटरला सुमारे २८४ गिगावॅट आहेत. उंची वाढली की आधी निकषात न बसणारी जमीनही हिशेबात येते, म्हणून ही उडी इतकी मोठी दिसते. यावर खरा उपाय चक्कीच्या उंचीपर्यंतचा मनोरा किंवा लेझरने वाऱ्याचा वेग मोजणारे लायडार यंत्र किमान वर्षभर ठेवण्याचा. ती नोंद मग दीर्घकालीन आकडेवारीशी जुळवतात, कारण एखादे वर्ष वाऱ्याचे, एखादे पडीचे असते. युरोपीय ‘ईआरए५’ हा गेल्या अनेक वर्षांच्या हवामानाचा संगणकाने बांधलेला आकडेवारीचा संच त्यासाठी सोयीचा, पण त्याच्या सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकटीत दरी, कडा आणि शहर सगळे सपाट होऊन जाते.

उष्णतेचा परिणाम मोजायला सोपा आहे. १५ अंश सेल्सिअसला समुद्रसपाटीवरच्या हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर. ४५ अंशांना ती सुमारे १.११, म्हणजे नऊ टक्के कमी, आणि शक्तीही तेवढीच कमी. शहर १,२०० मीटर उंचीवर असेल तर आणखी सुमारे १२ टक्के घट. कडक उन्हात यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी उत्पादन उतरवतात, ते वेगळेच. वाळूचे कण पात्यांची पुढची धार घासून खडबडीत करतात, त्यामुळे वर्षे सरतील तशी वीज घटते.

शहराच्या आत, घरांच्या गच्च्यांवर छोट्या चक्क्या बसवण्याची कल्पना लोकांना आवडते, पण आकडे तिला सहसा साथ देत नाहीत. इमारतींमागे वारा भोवरे घेत, दिशा बदलत येतो. पाती थरथरतात, वीज थोडीच मिळते. मनामा येथील बहरीन वर्ल्ड ट्रेड सेंटर हा गाजलेला अपवाद. २००८ साली चालू झालेल्या या दोन मनोऱ्यांच्या मधल्या पुलांवर २९ मीटर व्यासाच्या तीन चक्क्या आहेत, प्रत्येकी २२५ किलोवॅटच्या. मनोऱ्यांचा आकारच आखातावरचा वारा मधल्या फटीत लोटतो. तरी अपेक्षित वीज इमारतीच्या गरजेच्या ११ ते १५ टक्के एवढीच होती.

वार्षिक बेरीज हाती आली की महिन्यांचा हिशेब उरतो. जैसलमेरभोवती नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा जोर मे ते ऑगस्टमध्ये, वातानुकूलनाच्या मागणीच्या काळातच असतो. हिवाळ्यात चक्क्या बराच वेळ नुसत्या उभ्या असतात. अशा शहरासाठी वर्षाची सरासरी सांगणारा अहवाल अर्धाच असतो. पुढची पाने महिनावार आणि तासवार कोष्टकांची लागतात.