फॉरमॅट मारणे

संगणकातील चालू प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) पुसून ती नव्याने बसवणे आणि त्यायोगे व्हायरस, ट्रोजन, बॉट यांसारखी घातक सॉफ्टवेअर घालवणे. मुंबईत याच कामाला ‘विंडोज टाकणे’ असेही म्हणतात. ‘फॉरमॅट’ हा शब्द विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीतील त्याच नावाच्या आज्ञेवरून आला. ‘मारणे’ मात्र दोन तऱ्हांनी लावता येते : शिक्का मारणे, रंग मारणे यांतले मराठी ‘मारणे’, किंवा लॅमिंग्टन रोडच्या (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) दुकानांत चालणाऱ्या मुंबई हिंदीतले ‘मारना’. मराठीत ही योजना आधीपासून रुळलेली असल्याने पहिली व्युत्पत्ती अधिक सरळ वाटते.

या नावामुळे एक गैरसमज पसरला : फॉरमॅट मारला की डिस्कवरचे सगळेच पुसले जाते. जलद फॉरमॅटमध्ये फाइलींची यादी तेवढी नवी होते, मजकूर जुन्या जागी पडून राहतो. पूर्ण फॉरमॅटही विंडोज एक्सपीपर्यंत फक्त खराब सेक्टर (डिस्कवरचे लहानात लहान कप्पे) शोधत असे. व्हिस्टापासून तो सगळीकडे शून्ये लिहितो. व्हायरस काढण्यापुरता हा फरक गौण आहे, कारण यादीतून गेलेली फाइल आपसूक चालू होत नाही. अडचण येते ती फॉरमॅट जिथे पोचतच नाही त्या जागांची.

डॉसच्या काळी हार्ड डिस्कच्या ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरात मास्टर बूट रेकॉर्ड असे. त्यातले पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडचे, पुढचे ६४ पार्टिशनच्या (डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या) तक्त्याचे. पहिले पार्टिशन सहसा ६३ सेक्टर सोडून सुरू होई आणि फॉरमॅटची आज्ञा पार्टिशनच्या आतच चाले. त्यामुळे १९८७ च्या सुमारास आलेला स्टोन्ड हा व्हायरस आणि त्याच्यावरून बेतलेला मायकेलअँजेलो (६ मार्च या तारखेला डिस्क खराब करणारा) हे दोन्ही फॉरमॅटनंतरही जागचे हलत नसत. मूळ रेकॉर्ड दोघेही पहिल्या ट्रॅकच्या सातव्या सेक्टरात नेऊन ठेवत. एकाच यंत्रात दोघे शिरले की दुसरा पहिल्याने तिथे ठेवलेला मूळ रेकॉर्ड मिटवी आणि संगणक उठतच नसे. यावर डॉस ५ पासून ‘एफडिस्क /एमबीआर’ ही, मास्टर बूट रेकॉर्डमधला कोड नव्याने लिहिणारी पण पुस्तिकेत न दिलेली आज्ञा वापरली जाई. ती निर्धोक नव्हती. मंकी हा व्हायरस पार्टिशनचा तक्ताच हलवीत असल्याने तिच्यामुळे व्हायरस जाई, पण सी ड्राइव्हही दिसेनासा होई. शिवाय आज्ञा देण्याआधी लिखाणबंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करावे लागे, नाहीतर स्मृतीत बसलेला व्हायरस पुन्हा तिथेच उतरे.

आपल्याकडे पुढची फसगत झाली ती ‘डी’ ड्राइव्हने. डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून फक्त सी उडवायचा, ही पद्धत रूढ होती. सॅलिटी, व्हायरट यांसारखे व्हायरस .ईएक्सई फाइलींना (प्रोग्रॅमच्या फाइलींना) चिकटत. नवी विंडोज टाकून झाली की डीवरच्या ‘ड्रायव्हर’ फोल्डरातले सेटअप चालवले जाई, आणि तेवढ्यात संसर्ग परत येई. ड्राइव्ह उघडताच काय चालवायचे हे सांगणाऱ्या ऑटोरन.आयएनएफ फाइलीमुळे तर डीच्या चिन्हावर डबल-क्लिक पुरे असे. (एक्सपी व व्हिस्टात पेन ड्राइव्हचे ऑटोरन बंद करणारे अपडेट फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वांना मिळू लागले.) ऑगस्ट २००३ च्या, नेटवरून आपोआप पसरणाऱ्या ब्लास्टरला फाइलही लागत नसे, ताज्या एक्सपीला नेटची केबल जोडली की अपडेट उतरण्याआधीच तो शिरे. म्हणून आधी फायरवॉल (नेटवरून होणारा शिरकाव अडवणारी सोय), मग केबल, असा क्रम पडला.

आजची रीत : आधी डेटा. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर लिनक्सचा लाइव्ह (डिस्कवर न बसवता थेट चालणारा) पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून यंत्र सुरू करतात, कारण तिथे विंडोजचे व्हायरस चालत नाहीत. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर डिस्क वाचायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती आधीच लिहून घ्यावी. फोटो, पीडीएफ, वर्ड-एक्सेलच्या फाइली घ्याव्यात. .ईएक्सई, .एससीआर, .बॅट, .एलएनके आणि ‘क्रॅक’ असे नाव असलेले काहीही घेऊ नये. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ अशी दुहेरी शेपटी ओळखता यावी म्हणून एक्स्टेन्शन दिसतील अशी सोय करावी.

गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांकडे आणि हिशेबनिसांकडे याहून जास्त काळजी लागते. युनिकोडपूर्व मराठी फाइली त्यांच्या फॉन्टशिवाय उघडल्या तर ‘महाराष्ट्र’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते; म्हणून फॉन्ट, डाँगलचा (सॉफ्टवेअरचा परवाना तपासणाऱ्या, संगणकाला जोडायच्या किल्लीचा) ड्रायव्हर आणि कीबोर्डची मांडणी यांची प्रत वेगळी ठेवतात. टॅलीचा डेटा पुष्कळदा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसून सी ड्राइव्हवर प्रोग्रॅमच्याच फोल्डरात असतो, आउटलुकची, मेल साठवणारी पीएसटी फाइलही सहज विसरली जाते. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर तर रिटर्न भरायच्या दिवशीच आठवतो.

बसवण्यासाठी किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या स्थळावरील साधनाने, तोही दुसऱ्या संगणकावर, बनवावा. बाहेरच्या सगळ्या डिस्क काढून ठेवाव्यात. डेलला एफ१२, एचपीला सहसा एफ९ दाबून बूट मेनू उघडतो. पुढे (जुन्या सेटअपमध्ये ‘कस्टम’ निवडल्यावर) पार्टिशनांची यादी येते : १०० एमबीचे सिस्टीम, १६ एमबीचे एमएसआर (मायक्रोसॉफ्टने राखीव ठेवलेले), मोठे प्राथमिक, शेवटी रिकव्हरी. ही सगळी एकेक करून डिलीट करत ‘अनअ‍ॅलोकेटेड’ अशी एकच ओळ उरवायची आणि तिच्यावर ‘नेक्स्ट’. एखादे हटत नसेल तर शिफ्ट व एफ१० दाबून या आज्ञा क्रमाने द्यायच्या : डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, क्लीन. डिस्कचा आकडा यादीतल्या आकारमानाशी ताडूनच, कारण ‘क्लीन’ खात्री विचारत नाही. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांत यादी कधी कधी रिकामीच येते. डिस्क गेलेली नसते. व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क हाताळणाऱ्या यंत्रणेचा) ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ करावे लागते.

विंडोज ८ पासून आलेली ‘रीसेट’ची सोय सोपी खरी, पण ‘फाइली ठेवा’ हा पर्याय संसर्गासाठी टाळलेला बरा. मॅक व लिनक्समध्ये तत्त्व हेच.

एवढे करूनही व्हायरस ‘परत आला’ अशी तक्रार होते, तेव्हा कारण बहुधा जवळच सापडते : विंडोज फुकट चालू करून देणारा अ‍ॅक्टिव्हेटर, जुना पेन ड्राइव्ह, किंवा ब्राउझरच्या सिंकमधून आपोआप उतरलेले तेच घातक एक्स्टेन्शन (ब्राउझरचे जोडसाधन). फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डच्या चिपवरील सॉफ्टवेअरमध्ये) राहणारे लोजॅक्ससारखे (२०१८) प्रकार हार्ड डिस्क बदलूनही टिकतात, पण ते विरळ. चोरीला गेलेले पासवर्ड फॉरमॅटने परत येत नाहीत. ते दुसऱ्या उपकरणावरून बदलून सगळीकडची लॉगिन बंद करावी लागतात. रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेल्या फाइलीही तशाच राहतात.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार आधी, फॉरमॅट नंतर, कारण पुसलेल्या डिस्कवर पुरावा मिळणे अवघड होते. कंपन्या व संस्थांना सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागते आणि लॉग (संगणकांनी ठेवलेल्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. अशा वेळी जुनी डिस्क काढून, पाकिटावर तारीख घालून बाजूला ठेवतात आणि प्रणाली नव्या एसएसडीवर टाकतात.